नेटवर्क-स्विचचे पंखे आणि वीजपुरवठा-संच

इस्पितळातील तपासणीचा अहवाल संगणकावर येईनासा होतो, तिकिटांच्या खिडकीपुढील रांग अकस्मात थबकते. आणि शोध घेता घेता तंत्रज्ञ एका बंद कपाटापाशी येऊन पोहोचतो. या कपाटात नेटवर्क-स्विच असतो. अनेक संगणकांच्या तारा त्यात एकत्र येतात व एकाने धाडलेला संदेश नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोहोचविण्याचे काम तो करतो. तो बंद पडला म्हणजे त्याचा मेंदूच बिघडला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्यातील अर्धसंवाहक घटक दीर्घकाळ टिकतात; बहुधा आधी झिजतात ते पंखे आणि वीजपुरवठा-संच.

स्विच स्वतःसाठी जी वीज घेतो, तिचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता बाहेर घालविण्यासाठी बहुधा ४० मिलिमीटर रुंदीचे व १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारे पंखे बसविलेले असतात. ते अहोरात्र फिरत असल्यामुळे बेअरिंगमधील वंगण सुकते, पात्यांवर धूळ साचते व गती मंदावते. पंख्याच्या एका तारेवाटे दर फेऱ्यास सामान्यतः दोन स्पंद स्विचकडे जातात. ते कमी पडले की इशाऱ्याचा दिवा लागतो. पंख्याची घरघर हीदेखील पूर्वसूचनाच होय.

वीजपुरवठा-संच हा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून स्विचला लागणारा कमी दाबाचा एकदिश प्रवाह तयार करतो. त्यातील काही धारित्रांमध्ये द्रव असतो व तो उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की अशा धारित्राचे आयुष्य निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. म्हणजेच मंदावलेला पंखा आपल्याबरोबर वीजपुरवठा-संचाचेही आयुष्य घटवितो. आपल्याकडील उन्हाळ्यात, बंद कपाटात, हे विशेषच ध्यानात घ्यावयास पाहिजे.

मोठ्या स्विचमध्ये बहुधा दोन वीजपुरवठा-संच असतात. एक बाहेर काढला तरी दुसरा सर्व भार वाहतो व काम अखंड चालते. मात्र सदोष संचाची वीजतार प्रथम काढावी. पंख्याचा कप्पा फार वेळ रिकामा ठेवू नये. काही स्विच थोड्याच मिनिटांत आपण होऊन बंद होतात. नव्या भागांतून हवा वाहण्याची दिशा जुन्याप्रमाणेच हवी. एक पंखा हवा आत ओढणारा व दुसरा बाहेर लोटणारा असेल, तर दोघांचेही श्रम वाया जातात.

लहान स्विचचे झाकण वीजतार काढल्यावाचून उघडू नये. नव्या पंख्याचा आकार व व्होल्ट जुळले तरी तारांचा क्रम निरनिराळ्या उत्पादकांचा भिन्न असतो. तो आधी पडताळावा. आवाज नको म्हणून कमी हवा देणारा पंखा बसविण्याचा मोह टाळावा. वीजपुरवठा-संच मात्र उघडू नये, सबंध बदलावा. वीज बंद केल्यावरही त्याच्या धारित्रांत सुमारे ३२५ व्होल्टचा प्राणघातक भार काही काळ शिल्लक राहू शकतो.

काढलेले भाग केरात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण-केंद्राकडे द्यावेत. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा हेतूही हाच आहे. झिजलेला पंखा वेळीच बदलला, तर बाकी धडधाकट स्विच भंगारात जात नाही आणि खिडकीपुढील रांगही थांबत नाही.