वन्दा : नाव आणि वंश

अमरकोशात ‘वन्दा’ या शब्दासोबत ‘वृक्षादनी’, म्हणजे झाड खाणारी, आणि ‘वृक्षरुहा’, म्हणजे झाडावर वाढणारी, असे पर्याय येतात. विल्यम जोन्स यांनी हा संस्कृत शब्द एका ऑर्किडास दिला (प्रसिद्धी १७९५), आणि रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये तो वंशनाम म्हणून रूढ केला. या ऑर्किडास मात्र दुसराच पर्याय शोभतो. बांडगूळ आश्रयवृक्षात मुळे घुसवून रस शोषते. वन्दाची मुळे सालीला केवळ धरून राहतात, त्यांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपते, आणि अन्न तिची हिरवी पानेच तयार करतात. २०१२ मध्ये ‘अ‍ॅस्कोसेंट्रम’ हा वंशही वन्दात विलीन करण्यात आला. वंशाची सीमा पुराव्याने बदलते. नावातला जुना आरोप मात्र अभ्यासकानेच ओळखावा लागतो.