पासष्ट ओलांडली की पैसे थांबतात, ते का?

मागे कशेळे बाजूच्या एका वाडीत गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी बँकेचे पासबुक माझ्यापुढे धरले. "बघ गो, पैसे यायचे बंद झाले. माझा काय चुकला का?"

पासबुकात दर महिन्याला दीड हजार जमा झालेले दिसत होते आणि मग एकदम काहीच नाही. मी आधार कार्ड मागून घेतले. मावशींना पासष्ट पूर्ण झाली होती. त्यांचे चुकले काहीच नव्हते. लाडकी बहीण योजना 21 ते 65 वयाच्या बायकांसाठी आहे, वय ओलांडले की नाव गळते. (आपल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस आधारवर 1 जानेवारीला येतो, तो भाग वेगळा. मावशींचाही तोच होता.)

फेब्रुवारी 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी, म्हणजे आपल्याच रायगडच्या मंत्र्यांनी, पाच लाख बहिणी अपात्र ठरल्याचे जाहीर केले. त्यात 2 लाख 30 हजार संजय गांधी निराधार योजनेतल्या होत्या आणि 1 लाख 10 हजार पासष्ट वर्षांवरच्या. दिलेले पैसे परत घेणार नाही, असेही त्यांनी सांगितले होते. दारात चारचाकी असलेल्या कुटुंबांतल्या बायकाही यादीतून गेल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आज बोलणार आहे ती त्या 1 लाख 10 हजारांबद्दल.

सरकारचे म्हणणे असे की म्हाताऱ्या माणसांसाठी श्रावणबाळ योजना आहेच. आहे, आणि तिथेही महिन्याला दीड हजारच मिळतात. पण दाराची उंची बघा. लाडकी बहिणीला कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालते. श्रावणबाळला चालते 21 हजार. महिन्याला 1750 रुपये, अख्ख्या कुटुंबाचे! रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये आपल्या राज्यात 312 रुपये होती. घरातल्या एकाने 68 दिवस काम केले की 21 हजारांची रेषा ओलांडली. तेव्हा कायदा 100 दिवसांच्या कामाची हमी देत होता, त्याचे होत 31 हजार 200. म्हणजे सरकारने आपली एक हमी पाळली, तर दुसऱ्या योजनेतून म्हातारी बाहेर. चौसष्टाव्या वर्षी जी बाई गरीब होती, ती सहासष्टाव्या वर्षी कागदावर सुखवस्तू होते. तोवर तिचे गुडघे मात्र लावणीला वाकेनासे झालेले असतात.

मग प्रश्न येतो पैशाचा. मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला, तो 7 लाख कोटींचा. त्यात महसुली तूट सुमारे 45 हजार 900 कोटींची आणि कर्जाचा बोजा 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात. लाडकी बहिणीसाठी 36 हजार कोटी ठेवले. निवडणुकीत वृद्धांची पेन्शन दीड हजारावरून 2100 करण्याचे वचन सत्ताधाऱ्यांनी दिले होते, ती वाढ या अर्थसंकल्पात आली नाही. मे महिन्यात तर सामाजिक न्याय खात्याचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे 335 कोटी लाडकी बहिणीकडे वळवले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः उघड नाराजी दाखवली. आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांचा विचार करा. एका गरीब बाईच्या हातातले काढून दुसऱ्या गरीब बाईच्या हातात ठेवले, आणि दोघींनी एकमेकींकडे संशयाने बघायचे.

तिजोरीत खड्डा आहे हे मी नाकारत नाही. गटाचा हिशोब सांभाळणाऱ्या बाईला जमाखर्च कळतो. पण बचत किती होते तेही बघू. 1 लाख 10 हजार बायका गुणिले वर्षाचे 18 हजार, म्हणजे 198 कोटी. राज्याच्या खर्चातल्या दर हजार रुपयांमागे अठ्ठावीस पैसे. खड्डा याने बुजत नाही.

दुसरी बाजू जमेची. आपण कर भरत नाही, असे लोक आपल्याला तोंडावर म्हणतात. साबण घेतला, चपला घेतल्या, मोबाईलचे रिचार्ज मारले की जीएसटी गेलाच. खोपोलीच्या दुकानात बंगलेवाल्याला साबणावर जो टक्का लागतो, तोच आपल्याला. पण श्रीमंतांच्या साठलेल्या संपत्तीवर आज आपल्या देशात कर नाही. संपत्ती कर होता, 1957 पासून. 30 लाखांच्या वरच्या संपत्तीवर एक टक्का. 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो काढून टाकला. वारसा कर 1985 मध्येच गेला. 2019 च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितले की वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडावे लागतील.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की संपत्ती कर काढण्यामागे कारण होते. त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी यायचे आणि वसुलीची कटकट मोठी. पण ते इतके कमी का यायचे? घर, गाडी, सोने मोजायचे आणि शेअर मोजायचेच नाहीत, म्हणून. खरी श्रीमंती शेअरमध्ये असते. चाळणीत पाणी राहत नाही म्हणून विहीरच बुजवण्याचा हा प्रकार झाला, असे मला वाटते.

त्या बदल्यात कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. अधिभार म्हणजे करावर कर. आता हे नीट ऐका, कारण हे फारसे कोणी सांगत नाही. केंद्राच्या कराच्या पैशातून 41 टक्के राज्यांना वाटून मिळतात, पण अधिभार आणि उपकर त्या वाटणीत धरत नाहीत. म्हणजे मुंबईतल्या श्रीमंताने भरलेला अधिभार दिल्लीत राहतो आणि कर्जतच्या मावशीची पेन्शन राज्याने द्यायची. केंद्र त्यात किती घालते? दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला ऐंशी वर्षांपर्यंत महिन्याला 200 रुपये. हा आकडा 2007 पासून तोच आहे. उरलेले तेराशे राज्य घालते.

श्रीमंतावर कर लावला तर तो पळून जाईल, असे काही ताई म्हणतील. थोडेफार जातीलही. पण महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या आणि धंदेवाल्याच्या खिशातून थोडे काढायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या हातांत बायकांचे हातही खूप होते, हे जुन्या बायकांना विचारा. कर भरून कोणी मुंबई सोडली नाही.

आज तो कर कसा आहे? महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष वर्षाला 2500 भरतो. बाईला 25 हजारांपर्यंत माफी आहे, ते चांगले. पण महिन्याला दहा लाख मिळवणाराही 2500 च भरतो, कारण राज्यघटनेत ही कमाल मर्यादा 1988 मध्ये घातली आणि पुढे वाढवली नाही. आपल्या गटात सगळ्या शंभर-शंभर रुपये बचत टाकतात. ज्या बाईचा नवरा कंपनीत कायम आहे तिला ते शंभर जाणवत नाहीत, आणि जिची मजुरी चार दिवस बुडाली तिला उसने आणावे लागतात. आपण निदान तिला पुढच्या बैठकीपर्यंत सवलत देतो.

मर्यादा उठवणे दिल्लीच्या हातात, 21 हजारांची अट बदलणे मुंबईच्या. ग्रामपंचायत मात्र आपल्या हाताशी आहे. नेरळपासून चौकपर्यंत डोंगराच्या कडेने फार्महाऊस उभी आहेत, कित्येकांत माळ्याशिवाय वर्षभर कोणी नसते. त्यांची घरपट्टी भांडवली मूल्यावर लागायला हवी. नोंद जुन्या कौलारू घराची आणि उभा आहे तरणतलाव, असे आहे का ते बघा. आकारणीची यादी ग्रामसभेत मागता येते. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी वाढली की तेही वाढतात.

पेन्शनीचे काम थांबवू नका. गटातली कोणी चौसष्टाची असेल तर आत्ताच कागद जमवा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, राज्यात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा, आधार जोडलेले बँक खाते. आता पैसे थेट खात्यात येतात, म्हणून आधार जोडलेले नसेल तर मंजूर पेन्शनही अडकते. भाताच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेल्या मावश्यांना मशीन ओळखत नाही. त्यांना एकटे पाठवू नका, गटातली कोणी सोबत जा आणि मोबाईलवरच्या ओटीपीने किंवा डोळ्यांच्या मशीनने काम होते का ते विचारा. उत्पन्नाच्या दाखल्यात मुलाची मजुरी किती दिवसांची धरली तेही वाचून घ्या. बारमाही मजुरी आपल्याकडे कोणाला मिळते?

त्या मावशींचा अर्ज आम्ही भरला आहे. उत्पन्नाचा दाखला 36 हजारांचा निघाला, म्हणून तो अजून अडलेला आहे. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाने पासष्ट ओलांडून पैसे थांबलेल्या बायकांची यादी आणावी. एकेकीचे नाव, वय, दाखल्यावरचा आकडा. 21 हजारांच्या अटीवर निवेदन द्यायचे आहे, आणि ते आकड्यांनिशी द्यायचे आहे.