मेपल सिरप : झाडातून गळतं ते गोडसर पाणी, सिरप होतं चुलीवर

मार्च महिना. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये किंवा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अजून बर्फ वितळायचा असतो. अशा दिवसांत कित्येक घरांच्या परसात सिमेंटच्या ठोकळ्यांची लांबट चूल पेटलेली दिसते. तिच्यावर स्टीलची सपाट, उथळ परात, मागे धुरांडं आणि वर पांढऱ्या वाफेचे लोट. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे दृश्य लगेच ओळखीचं वाटेल. तिथे उसाचा रस आटतो, इथे शुगर मेपल नावाच्या झाडाचा. आपली काकवी आणि त्यांचं मेपल सिरप एकाच कुळातली म्हणायला हरकत नाही.

जगातलं सुमारे सत्तर टक्के मेपल सिरप एकट्या क्वेबेकमध्ये होतं. अमेरिकेत व्हरमाँटचा पहिला क्रमांक. टोरांटो-बॉस्टनच्या मराठी घरांतून येणाऱ्या सुटकेसमधून ही बाटली आता पुण्या-मुंबईतही पोचते. बाटलीबरोबर समजुतीही येतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : झाडाला भोक पाडलं की सिरप गळायला लागतं.

वस्तुस्थिती : गळतो तो पाण्यासारखा पातळ, नितळ रस. जिभेवर ठेवला तर गोडी जेमतेम जाणवते, कारण साखर असते दोन टक्क्यांच्या आसपास. सिरपमध्ये ती ६६ टक्के लागते. म्हणून एक लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. हिशोबाची एक सोपी रीत तिकडे सगळ्यांना पाठ असते : ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागायचं. रस दोन टक्क्यांचा असेल तर ४३ लिटर, तीन टक्क्यांचा असेल तर २९ लिटर. उसाच्या रसात साखर १८-२० टक्के असते, हे लक्षात घेतलं की दोन्हींतला फरक कळतो. गुळव्याच्या मानाने मेपलवाल्याला कितीतरी जास्त पाणी उडवावं लागतं.

तो ओळखीचा खमंग वास आणि सोनेरी-तपकिरी रंगही कच्च्या रसात नसतो. रस तासन् तास उकळताना साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात ज्या प्रक्रिया होतात, त्यांतून तो येतो. झाड कच्चा माल देतं. सिरपची चव परातीत तयार होते.

गैरसमज २ : वसंत आला की मुळांतून रस वर चढतो, तोच वाटेत भोकातून बाहेर येतो.

वस्तुस्थिती : झाडाला पालवीही फुटलेली नसते तेव्हा हा हंगाम असतो. त्याला रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंशांची ऊब, अशी दोन्ही लागतात. रात्री खोडातल्या तंतूंमध्ये बर्फ होतो, त्यांतले हवेचे बुडबुडे आकसतात आणि झाड खालून पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळतो, बुडबुडे प्रसरण पावतात आणि खोडात दाब तयार होतो. त्या दाबाने रस भोकातून बाहेर पडतो, आणि तो खालूनच येतो असं नाही, वरूनही येतो. मोडलेल्या फांदीच्या टोकालाही अशा दिवशी थेंब धरतात.

सलग थंडी पडली की रस थांबतो, सलग ऊब आली तरी थांबतो. असा चढउतार फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चार-सहा आठवडेच मिळतो. कळ्या फुगू लागल्या की रसाला उग्र, नकोशी चव येते. तो दिवस हंगामाचा शेवटचा.

गैरसमज ३ : भोकं पाडल्याने झाड मरतं.

वस्तुस्थिती : अतिरेक केला तर झाडाचं नुकसान होतं, यात शंका नाही. नियम पाळले तर तेच झाड पिढ्यान् पिढ्या रस देतं. खोडाचा व्यास निदान २५ ते ३० सेंटिमीटर हवा, आणि एवढं वाढायला शुगर मेपलला साधारण चाळीस वर्षं लागतात. भोक आठ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल असतं. गिरमिट किंचित वरच्या दिशेने धरायचं, म्हणजे रस आपोआप बाहेर येतो. भुसा फिकट, दुधाळ रंगाचा निघाला तर लाकूड निरोगी. तपकिरी निघाला तर तो भाग जुन्या जखमेचा, तिथून रस येत नाही.

हंगाम संपला की भोकात बसवलेली नळी काढून घेतात. झाड जखमेभोवतीचा भाग आतून बंद करतं आणि नवं लाकूड वाढवून भोक बुजवतं. पुढच्या वर्षी त्या जागेपासून दूर, नव्या ठिकाणी भोक पाडायचं. बादली लावलेल्या एका भोकातून हंगामभरात ३५-४० लिटर रस मिळतो, म्हणजे जेमतेम एक लिटर सिरप. झाडाकडून एवढंच घ्यायचं असतं, आणि जाणती माणसं त्याहून जास्त मागत नाहीत.

गैरसमज ४ : मोठं, खोल पातेलं घेतलं की काम भागतं.

वस्तुस्थिती : पातेलं जितकं खोल, तितकं काम रेंगाळतं. वाफ पृष्ठभागावरून निघते आणि उष्णता तळातून येते, म्हणून दोन्ही रुंद हवेत. घरगुती चुलीवर सपाट परातीत रस चार-पाच सेंटिमीटर ठेवतात. ६० बाय ९० सेंटिमीटरची परात आणि चांगला जाळ असला तर तासाला १५ ते २० लिटर पाणी उडतं. २०० लिटर रस म्हणजे दहा-बारा तासांची बैठक झाली.

थंड पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. खरा खर्च इथे होतो. म्हणून चुलीची रचना महत्त्वाची. खाली लोखंडी जाळी, जाळीखालून हवा, आणि जाळ परातीच्या पूर्ण तळाला चाटत धुरांड्याकडे जाईल असा मार्ग. रस एकदम ओतला की उकळी मरते. त्यामुळे वर एका भांड्यात तो कोमट करून बारीक धारेने परातीत सोडत राहतात.

हे काम घरात करायचं नाही. ४० लिटर रसातून ३९ लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. स्वयंपाकघरात आटवणाऱ्यांच्या भिंतींवरचा कागद सुटून आल्याच्या हकिकती तिकडे नेहमी ऐकू येतात.

गैरसमज ५ : जाड ओंडके घातले की जाळ टिकतो.

वस्तुस्थिती : ओंडका रात्रभर धुमसत राहतो आणि धुमसणाऱ्या विस्तवावर रस आटत नाही. लागतात मनगटाएवढी, चांगली वाळलेली, चिरलेली फाटी. दर सात-दहा मिनिटांनी थोडी थोडी घालायची आणि दार लगेच लावायचं. पाइनसारखं हलकं लाकूडही चालतं. त्याचा जाळ झटपट आणि उंच येतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सतत का ढकलत राहतात, याचं कारण हेच. इंधनाचा तिकडचा ढोबळ हिशोब असा : चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेल्या लाकडाच्या ढिगातून साधारण २०-२५ गॅलन सिरप होतं, म्हणजे ७५ ते ९५ लिटर.

गैरसमज ६ : घरगुती चुलीला कुठलंही जुनं भांडं चालतं.

वस्तुस्थिती : ही समजूत धोक्याची आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आणि शिशाने जोडलेल्या जुन्या बादल्या-पराती वापरू नयेत. रस किंचित आम्लधर्मी असतो, तो आटताना सगळं घट्ट होत जातं, आणि त्यात शिसं उतरलं तर तेही. रस ज्याला लागतो ते प्रत्येक भांडं अन्नासाठीच्या स्टीलचं असावं. चुलीचा सांगाडा जुन्या पिंपाचा असेल तर आधी एकदा मोठा जाळ करून त्याचा रंग जाळून टाकावा आणि मगच परात ठेवावी.

गैरसमज ७ : घट्ट दिसायला लागलं की सिरप झालं.

वस्तुस्थिती : गरम सिरप पातळच दिसतं. घट्ट दिसेपर्यंत थांबलात तर थंड झाल्यावर बाटलीत खडे धरतील. आधीच उतरवलंत तर ते आंबेल. खूण तापमानाची : त्या दिवशी, त्या जागी पाणी जितक्या अंशांवर उकळतं, त्याच्यावर चार अंश सेल्सिअस. समुद्रसपाटीला हे १०४ च्या आसपास येतं. उंचीप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो, म्हणून आधी साधं पाणी उकळून बघायचं.

शेवटची पंधरा मिनिटं डोळ्यांत तेल घालून बसायची असतात. दिवसभर मोठे, पारदर्शक बुडबुडे येत असतात. आता ते बारीक आणि सोनेरी होतात, फेस फसफसून काठाकडे चढतो. लोण्याचा एवढासा तुकडा टाकला की फेस झटकन खाली बसतो. पळी बुडवून आडवी धरली तर आधी थेंब सुटे गळतात. मग काठावर दोन थेंब एकमेकांत मिसळतात आणि पदरासारखे लोंबतात. आपला गुळव्या गार पाण्यात गोळी धरून पाहतो, तशीच ही पारख. पुढे दोन मिनिटं दुर्लक्ष झालं तर दिवसभराची मेहनत करपते. लाकडाचा जाळ गॅससारखा बंद करता येत नाही, म्हणून अनुभवी माणसं रस जवळजवळ होत आला की चुलीवरून काढतात आणि शेवटचा कढ लहान भांड्यात, गॅसवर देतात.

गैरसमज ८ : तळाला बसणारी रेती म्हणजे घाण किंवा भेसळ.

वस्तुस्थिती : रस आटताना त्यातली खनिजं वेगळी होतात, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. ती झाडाचीच असतात. अपायकारक नाहीत, पण दाताखाली कचकच लागतात. गरम असतानाच जाड लोकरी कापडातून सिरप गाळलं की ती निघून जातात. मग ८२-८५ अंशांवर बाटलीत भरून झाकण लावायचं. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर बुरशी येते.

गैरसमज ९ : फिकट सिरप अस्सल, गडद हलक्या प्रतीचं.

वस्तुस्थिती : दोन्हींत साखर सारखीच असते. हंगामाच्या सुरुवातीला रस थंड आणि ताजा असतो, त्याचं सिरप फिकट आणि सौम्य होतं. पुढे ऊब वाढली की रसातले सूक्ष्मजीव साखरेचा काही भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडतात. तो उकळताना लवकर रंग धरतो आणि चवही दाट होते. आता सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद या चारही रंगांना ‘अ’ दर्जाच दिला जातो. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ, या आपल्याकडच्या समजुतीसारखीच ही समजूत आहे. तो पिवळा रंग कित्येकदा रसायनाचा असतो.

गैरसमज १० : नैसर्गिक आहे, म्हणून मधुमेहींना चालतं.

वस्तुस्थिती : चालत नाही. सिरपमध्ये मँगनीज आणि रायबोफ्लेविन असतं हे खरं, पण ते मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात सुमारे ५० कॅलरी असतात. ते चवीसाठी खावं, औषध म्हणून नाही.

गैरसमज ११ : ही विद्या युरोपियनांनी शोधली.

वस्तुस्थिती : अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी या मूळ रहिवाशांना युरोपियन येण्याआधीपासून मेपलचा रस आटवून साखर करता येत होती. गोठलेल्या रसावरचा बर्फ काढून टाकायची युक्तीही त्यांचीच. बर्फात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे उरलेला रस गोड होतो आणि सरपण वाचतं. घरगुती चुलीवाले आजही हेच करतात.

गैरसमज १२ : ‘पॅनकेक सिरप’ म्हणजेच मेपल सिरप.

वस्तुस्थिती : स्वस्त पॅनकेक सिरप बहुधा मक्याचं सिरप, रंग आणि कृत्रिम वास यांचं मिश्रण असतं. त्या वासाचा धागा आपल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत येतो. मेथीच्या दाण्यातल्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा वास मेपल सिरपसारखा असतो, म्हणून नकली मेपल स्वादासाठी मेथीचा अर्क वापरतात. २००५ पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये उलगडा झाला. शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती, वाऱ्याबरोबर तो वास शहरात येत होता.

म्हणून बाटली घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा. तिथे मेपल सिरप हा एकच घटक असावा. दुसरा कुठलाही शब्द दिसला तर बाटली परत ठेवा. तुमची मुलं-नातवंडं तिकडे असतील तर त्यांना सांगा, की मार्चमध्ये एखाद्या मेपलवाल्याच्या चुलीपाशी तासभर उभे राहा, जमलं तर चार फाटी स्वतः घाला. त्या छोट्या बाटलीची किंमत जास्त का, हे मग कुणाला विचारावं लागणार नाही.