गाठ आणि तिचा शेजार

मूत्राशयाच्या कर्करोगाची एक खोड यूरॉलॉजिस्टांना चांगलीच ठाऊक असते. दुर्बीण घालून गाठ तळापासून खरवडून काढावी, रुग्णाला घरी पाठवावं आणि काही महिन्यांनी तपासणीत भलत्याच कोपऱ्यात नवी गाठ उगवलेली दिसावी. ‘नीट काढली नव्हती का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न ठरलेलाच. पण गेल्या सव्वाशे वर्षांतलं संशोधन पाहिलं की जाणवतं, डॉक्टरांच्या नजराही फार काळ गाठीवरच खिळल्या होत्या. शेजारच्या अस्तराची चौकशी बरीच उशिरा सुरू झाली.

खरं तर खूण पहिल्यापासूनच समोर होती. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. शरीरात गेलेलं विष लघवीत उतरतं आणि लघवी काही एकाच कोपऱ्याला लागत नाही. सगळं अस्तर तासन्‌तास तिच्यात भिजत असतं. मग बिघाड तरी एकाच ठिकाणी कसा राहील?

हा विचार रीतसर मांडला गेला तो मात्र तोंडाच्या कर्करोगावरून. १९५३ मध्ये शिकागोच्या डॅनली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या गाठींभोवतीचं अस्तर तपासलं आणि दिसायला बऱ्या भागातही विकृती दाखवली. तंबाखूने तोंडात जागोजागी चट्टे पडलेले रुग्ण पाहणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको.

१९९२ मध्ये डेव्हिड सिड्रान्स्की यांच्या गटाने याला वेगळंच वळण दिलं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतं आणि ते कोणतं, हे पेशीगणिक बदलतं. मूत्राशयातल्या अनेक गाठी स्वतंत्रपणे उगवल्या असत्या तर काहींत एक बंद सापडायला हवं होतं, काहींत दुसरं. पण एकाच रुग्णेच्या सगळ्या गाठींत तेच एक्स बंद निघालं. म्हणजे एका बिघडलेल्या पेशीची पिलावळच अस्तरभर पसरली होती. विष सगळीकडे लागलं की एकच पेशी सगळीकडे पोचली, हा वाद त्यानंतर बरीच वर्षं चालला. मला तरी त्यात एकाला खोटं पाडण्याचं कारण दिसत नाही.

दरम्यान शेजारच्या अस्तरात डोकावायला नवं साधन मिळालं. जनुकांच्या अभिव्यक्तीची, म्हणजे कोणती जनुकं किती जोरात चालू आहेत याची, त्यांच्या आरएनए प्रतींवरून होणारी मोजणी मायक्रोअ‍ॅरे या तंत्रामुळे हाती आली. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या लार्स डिर्स्कयोट आणि सहकाऱ्यांचा २००४ चा निबंध यात फार मोलाचा. अस्तरातच पसरणाऱ्या ‘कार्सिनोमा इन सिटू’ या सपाट, सहज न दिसणाऱ्या कर्करोगाची आरएनएमधली ठेवण त्यांनी ओळखली. मग अशाच मूत्राशयांतले निरोगी दिसणारे तुकडे तपासले. पॅथॉलॉजिस्टने काचपट्टी पाहून ‘नॉर्मल’ म्हटलेल्या त्या तुकड्यांतही तीच ठेवण सापडली.

तरीही पुढची दहा-पंधरा वर्षं अनेक अभ्यासांत शेजारचा तुकडाच ‘निरोगी’ धरून गाठीशी ताडला गेला. ‘टीसीजीए’ या अमेरिकी प्रकल्पाने २०१७ मध्ये स्नायूंत घुसलेल्या ४१२ गाठींचा तपशील छापला; त्याच्या माहितीसाठ्यात शेजारच्या ऊतीचे आरएनए नमुने जेमतेम १९. त्याच वर्षी द्विर अरान आणि सहकाऱ्यांनी आठ प्रकारच्या ऊतींची तुलना करून दाखवलं, की गाठीशेजारची ऊती ना गाठीसारखी असते ना कर्करोग नसलेल्या माणसाच्या ऊतीसारखी. ती अधेमध्ये कुठेतरी बसते. मापाची पट्टीच वाकडी होती म्हणायची.

२०२० मध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटने कर्करोग नसलेल्यांच्याही मूत्राशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन त्यांतला डीएनए वाचला, तर त्यांतही केएमटी२डी, केडीएम६ए अशा जनुकांतली उत्परिवर्तनं मुबलक सापडली. गाठींत नेहमी दिसणारी टीपी५३ आणि एफजीएफआर३ मधली उत्परिवर्तनं मात्र विरळच होती. म्हणजे शेजार बिघडला म्हणून गाठ होईलच असंही नाही.

गंमत म्हणजे उपचार या सगळ्याच्या पुढे होता. कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्येच नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी ही क्षयाची लस सोडल्याचं छापलं होतं. हे औषध गाठ काढल्यावर सगळ्या अस्तराला लावतात आणि आज ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं. ते कुणाला द्यायचं, हे मात्र अजूनही मुख्यतः गाठीचा आकार, संख्या, खोली आणि ग्रेड पाहूनच ठरतं. शेजारच्या अस्तरातली जनुकं काय करताहेत, हा रकाना नेहमीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये नसतो.