वॉर्डातून ओसरीपर्यंत

1930 मध्ये एलिझाबेथ लंडी ही क्वेकर पंथातली अमेरिकन तरुणी भारतात आली, विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाला जाऊन व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शिकल्या. परत आल्या आणि 1950 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. 1952 मध्ये व्यवसायोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी त्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

या शाळेतल्या पहिल्या पिढीचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे वॉर्ड. पोलिओने पाय लुळे पडलेली मुले हा तेव्हा रोजचा अनुभव होता. विणकाम, सुतारकाम, मातीकाम ही उपचाराची साधने होती. हात वर जात नसेल तर रंधा मारायला लावायचा, बोटे आखडली असतील तर माती मळायला द्यायची. स्नायूला ताकद आली एवढ्यावर काम संपत नसे. त्या ताकदीतून माणसाचे रोजचे कोणते काम निभते, हे विद्यार्थ्याला दाखवावे लागे.

इथेच परदेशी पुस्तके अपुरी पडत. त्यांतला रुग्ण खुर्चीवर बसतो, काट्याचमच्याने जेवतो. आपला मांडी घालून बसतो, भाकरी एका हाताने मोडतो, उकिडवा बसून प्रातर्विधी उरकतो. अर्धांगवायूनंतर एका हाताने साडी कशी नेसायची, परात सरकू नये म्हणून खाली काय घालायचे, हे विद्यार्थी वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामात, म्हणजे पोस्टिंगमध्येच शिकत आले. चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून पकड जाड करणे ही युक्ती महागड्या उपकरणाइतकीच कामाची ठरते.

परळपाठोपाठ नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. 1998 मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले, तेव्हा राज्यभरातले अभ्यासक्रम त्याच्या छत्राखाली गेले. चार वर्षे शिक्षण, मग सहा महिने इंटर्नशिप, असा पदवीचा साचा रुळला. जागतिक महासंघाच्या निकषांनुसार किमान 1000 तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढावे लागतात. अस्थिरोग, मेंदूविकार, मनोविकार, बालरोग अशा विभागांत विद्यार्थी फिरतो. केस मांडतो, स्प्लिंट बनवतो, वरिष्ठांची बोलणीही खातो.

दरम्यान रुग्ण बदलले. 13 जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक विषाणूने झालेला पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स यांना त्यात जागा मिळाली. पोस्टिंगच्या वाटा मग शाळांकडे आणि बालविकास केंद्रांकडेही वळल्या.

पुणे जिल्ह्यात पुनर्वसनाची परंपरा आणखी जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे एकत्र राहतात. तिथे रोजची कामे हाच जगण्याचा क्रम आहे.

मुळशीतच या शिक्षणाची सगळ्यात अवघड परीक्षा दिसते. हिंजवडीच्या आयटी पार्कातला अभियंता मनगट दुखते म्हणून येतो. त्याची खुर्ची आणि कीबोर्डची उंची बदलून भागते. त्याच तालुक्यातल्या भातखाचरात लावणी करणारी बाई पक्षाघातातून उठते, तेव्हा तिला चिखलात वाकून रोप खोचायचे असते, उंबरा ओलांडायचा असतो, विहिरीवरून पाणी आणायचे असते. रुग्णालयातल्या सपाट फरशीवरची चाल या कामांना पुरत नाही; त्यासाठी तिच्या घरीच जावे लागते. व्यवसायोपचारासारख्या आरोग्यव्यवसायांसाठी 2021 मध्ये आलेल्या राष्ट्रीय आयोग कायद्यानंतर देशभर एकसारख्या अभ्यासक्रमाची आखणी सुरू झाली. त्यात असल्या घरभेटींना किती तास मिळतात, यावर पुढच्या तुकड्यांची तयारी ठरेल.