रेषा सरकली की समुद्र? उपग्रहचित्रावरच्या सीआरझेड रेषेचा गोंधळ समजून घ्या

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे मालवण तालुक्यातले देवबाग. इथे उपग्रहचित्रावर टाकलेली सीआरझेडची रेषा जरा जरी सरकली, तरी एखादे घर रेषेच्या आत किंवा बाहेर दिसू लागते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर इतर ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे.

रेषा चुकते कुठे?

बहुतेक वेळा दोष चित्रात नसतो, निर्देशांक प्रणालीत असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट १८३०’ प्रणालीवर आहेत, जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरते. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर मालवण परिसरात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर मालवण थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोहोचते! ती चूक निदान लगेच कळते. शंभर मीटरची चूक माडांच्या गर्दीत खपून जाते.

दुरुस्ती कशी?

‘क्यूजीआयएस’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी लेयरची मूळ प्रणाली तपासा. ‘सेट लेयर सीआरएस’ फक्त लेबल बदलते, आकडे तेच राहतात. आकडे बदलायचे तर ‘रिप्रोजेक्ट’ हवे. इथे मीटरमध्ये मोजण्यासाठी ‘यूटीएम झोन ४३ उत्तर’ निवडा.

स्कॅन केलेला कागदी नकाशा असेल तर ‘जिओरेफरन्सर’ वापरा. मालवण शहरासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बुरुजाचा पाया, देवबागसाठी देवळाचा कोपरा किंवा रस्त्याचा तिठा, असे न हलणारे बिंदू घ्या आणि ते नकाशाच्या चारही बाजूंना पसरवा. वाळूचा दांडा किंवा खाडीचे मुख नको, वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. एखाद्या बिंदूची चूक इतरांपेक्षा फारच मोठी दिसली तर तो पुन्हा तपासा.

रेषा माउसने ओढून किनाऱ्यावर ‘बसवणे’ हा सोपा वाटणारा उपाय मात्र टाळाच. कारण रस्ते आणि देवळे जुळत असतील, फक्त किनारा जुळत नसेल, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. चित्र ओहोटीच्या वेळचे असेल, नाहीतर किनारा खरोखरच धुपला असेल. ओढलेल्या रेषेखाली ती धूप झाकली जाते.

शिवाय मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ चित्राचा एक पिक्सेल १० मीटरचा असतो. स्थानिक पातळीवरचा सीआरझेड नकाशा १:४००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ४ मीटर. घर रेषेच्या अगदी कडेला असेल तर मोबाइलवरचे चित्र पुरावा ठरत नाही, अधिकृत नकाशावरून जागेवर मोजणी करून घ्यावी लागते.