चाळिशीतला शिकाऊ



कारखाना उभा करावयाचा तर जमीन लागते, पाणी लागते, वीज लागते, भांडवल लागते आणि यंत्रे लागतात. या पाच गोष्टींचा हिशेब प्रकल्पाच्या अहवालात पानोपानी सापडतो. सहावी गोष्ट म्हणजे ती यंत्रे चालविणारा माणूस. त्याचा हिशेब बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : कामगारांना आवश्यक ते प्रशिक्षण दिले जाईल. हे प्रशिक्षण कोण देणार, कोणाला देणार, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी देणार, शिकत असता त्या माणसाची हजेरी कोण भरणार, याविषयी त्या ओळीत अवाक्षर नसते. मला आज बोलावयाचे आहे ते या एका ओळीबद्दल.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. उरणला तेल आणि वायू आला, थळला खताचा कारखाना झाला, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स आले, डोलवीला पोलाद आले. यासाठी भातशेती गेली, मिठागरे गेली, मासेमारीच्या जागा गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मरण पावले. जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न त्या लढ्याने साऱ्या देशापुढे मांडला. पण जमिनीबरोबर आणखी एक वस्तू गेली होती, तिचा मोबदला कोणी मागितला नाही. ती वस्तू म्हणजे हातातले कसब. काल जो तांडेल होता, जो मिठागरात पाणी खेळवीत होता, तो कारखान्याच्या फाटकातून आत गेला तो हेल्पर म्हणून. बाहेरगावच्या फिटरच्या हाती पाना देण्यात त्याची पंधरा-पंधरा वर्षे गेली. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : तो शिकलेला नाही. त्याला शिकविण्याचा प्रयत्न कोणी केला का, आणि केला तो कसा केला, हे मात्र कोणी विचारले नाही.

कामगाराला शिकविणे हे संघटनेचेच काम आहे, हा विचार आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने पूर्वी आचरून दाखविला आहे. नारायण मल्हार जोशी हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गोरेगावचे. १९२० साली आयटक स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्या आधी नऊ वर्षे, १९११ साली, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली होती. आधी शाळा आणि मग संघटना, असा हा क्रम आहे. तो आपण विसरलो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने काही केले नाही असे नव्हे. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली, तीतून आयटीआय गावोगाव पसरल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. ही कामे मोठी आहेत. परंतु त्या योजनांच्या डोळ्यांसमोर होता तो नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा. त्याला संसार नाही, त्याचे डोळे चांगले आहेत, बाकावर बसण्याची सवय अजून मोडलेली नाही. चाळिशीतला माणूस या चौकटीत बसत नाही. आणि त्याच्यासाठी अभ्यासक्रम काढणारे लोक बहुधा एवढेच करतात की, मुलांचा अभ्यासक्रम घेतात, त्यातली अर्धी पाने फाडतात आणि उरलेले तीन आठवड्यांत उरकतात.

असा एक वर्ग मी पाहिला आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. शिकविणारा पंचविशीचा इंजिनियर, मनाने चांगला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे. समोर रात्रपाळी करून आलेली तीस माणसे. पहिल्या तासाला पंपाचे गणिती सूत्र. ज्याने वीस वर्षे त्याच पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेले की नाही हे सांगितले, तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. शेवटी लेखी परीक्षा झाली, तीत तो नापास झाला आणि नापास झाल्याची नोंद त्याच्या कागदांत कायमची बसली. या वर्गात नक्की काय चुकले याचा विचार केला की, अभ्यासक्रम कसा रचावा याची रीत आपोआप हाती येते.

पहिली गोष्ट, अभ्यासक्रमाचा आरंभ पुस्तकातून होऊ नये, कामाच्या जागेवरून व्हावा. एखाद्या जुन्या, जाणत्या ऑपरेटरजवळ आठ-पंधरा दिवस तिन्ही पाळ्यांत उभे राहावे आणि तो काय काय करतो ते लिहून काढावे. त्या यादीचे मग तीन वाटे करावेत. रोज करावयाची कामे. क्वचित करावयाची कामे. आणि क्वचित, पण चुकली तर जिवावर बेतणारी कामे. रोजचे काम माणूस सोबतीने शिकतोच. वर्गाचा अधिक वेळ तिसऱ्या वाट्याला गेला पाहिजे, कारण वर्षातून एकदा येणारी ती घटका सोबतीने शिकता येत नाही.

उदाहरण देतो. खताच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून वायू सुटला तर पाण्याचा फवारा मारावा, हे हेल्परलाही माहीत असते. पण द्रवरूप अमोनिया जमिनीवर सांडून त्याचे डबके झाले असेल तर त्या डबक्यावर पाणी मारणे घातक ठरते. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. आपल्या नळाचे पाणी त्याच्या मानाने कढतच. ते पडले की डबके खदखदू लागते आणि आणखी वायू वर येतो. फवारा वायूच्या ढगावर, डबक्यावर नव्हे. हा फरक ज्याला नुसता पाठ करावयास लावला तो गडबडीत विसरेल. ज्याला त्याचे कारण कळले तो विसरणार नाही. कामगाराला 'कसे' शिकवावे, 'का' हे इंजिनियरने पाहावे, अशी जी वाटणी पुष्कळांच्या मनात असते ती म्हणूनच धोक्याची आहे.

दुसरी गोष्ट, प्रौढ माणूस म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्या पाटीवर आधीच पुष्कळ लिहिलेले असते, ते पुसू नये. त्याच्या पुढे लिहावे. खारेपाटातल्या शेतकऱ्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह समजावून सांगावयाचा आहे. त्याच्या बांधाला उघाडी असते. भरतीचे पाणी आले की तिचे दार दाबले जाऊन बंद होते, खारे पाणी शेतात शिरत नाही; ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तेच दार ढकलून बाहेर जाते. हाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे एकदा सांगितले की दाराच्या फटीत काटकी अडकली तर काय होते हेही तोच आपल्याला सांगतो, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकणे म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. मिठागरात काम केलेल्याला एका खाणातून दुसऱ्या खाणात जाताना पाणी कसे दाट होत जाते हे ठाऊक असते. बाष्पीभवनाचा धडा तेथून सुरू करावा. बंदरातल्या क्रेनला टांगलेला कंटेनर झोके घेऊ लागला तर त्याला उलट ओढून थांबविता येत नाही. झोका ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रॉली नेऊन ती बोजाच्या बरोबर वर आणावी लागते, तेव्हा झोका मरतो. लाटांवर हेलकावणाऱ्या होडीत जाळे चढविलेल्या खलाशाला ही गोष्ट हातांनी समजते. आणि वायूगळती झाली असता वाऱ्याला आडवे निघून जावे हा नियम कोळ्याला शिकवावयाचा म्हणजे केवळ आठवण द्यावयाची. वारा कोठून आहे हे तो झोपेतही सांगेल.

म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला काय येते ते पाहिले पाहिजे, तेही कागदावर नव्हे, हातात हत्यार देऊन. २०१५ साली निघालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने मिळविलेल्या ज्ञानाला दाखला देण्याची सोय आली. कल्पना योग्य आहे. परंतु जेथे दोन दिवस बसवून कागद हाती दिला जातो तेथे जाणत्याचा मान वाढत नाही आणि अजाणत्याचे अज्ञान झाकले मात्र जाते.

तिसरी गोष्ट भाषेची. शिकवणे मराठीत असावे याविषयी वाद नसावा. पण मराठी म्हणजे कोशातली मराठी नव्हे. व्हॉल्व्ह, फ्लॅन्ज, गॅस्केट, परमिट हे शब्द कामगाराच्या तोंडी रुळले आहेत. त्यांना संस्कृत वेष चढविला की तो दुसऱ्यांदा परका होतो. उलट, पॅनेलवरच्या आणि टॅगवरच्या पाट्या इंग्रजीत असतात. तेव्हा त्या जागेवर लागणारे इंग्रजी शब्द निवडून ते डोळ्यांनी ओळखता येतील इतके शिकविणे हा अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे. आज कंत्राटी कामावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे बांधव पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तोच धडा हिंदीतही झाला पाहिजे. शेजारच्या माणसाला 'थांब' म्हटलेले कळले नाही तर आपल्याला कळून उपयोग काय? भोपाळच्या कारखान्यातील सूचनापत्रे इंग्रजीत होती आणि काम करणाऱ्यांपैकी अनेकांना ती भाषा नीट येत नव्हती, पाळीवरची माणसेही कमी केलेली होती, हे डिसेंबर १९८४ नंतर जगाला कळले. त्या आघातानंतरच १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, आरोग्य व सुरक्षितता यांची माहिती मिळविणे आणि त्याबद्दलचे शिक्षण मिळविणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत मिसळला गेला. कायद्याचे नाव बदलले म्हणून हक्काची गरज बदलत नाही.

चौथी गोष्ट वेळेची आणि पैशाची, आणि अभ्यासक्रम बहुधा येथेच बुडतात. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी नऊला वर्गात बसविणे म्हणजे शिक्षा आहे. भाताच्या लावणीत वर्ग ठेवला तर बाके रिकामी राहतात. उलट जून आणि जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात वर्ग भरविला तर माणसे येतात. कंत्राटी कामगाराची गोष्ट याहून कठीण. तो वर्गाला आला की त्याची हजेरी बुडते. शिक्षण फुकट आहे असे त्याला सांगितले जाते, पण त्याच्या घरी त्या दिवसाची चूल त्याच्या खर्चाने पेटते. म्हणून शिकण्याचा तास हा कामाचा तास धरला पाहिजे, ही मागणी करारात पगारवाढीच्या शेजारी लिहिली पाहिजे. ती तेथे बसली नाही तर बाकी सारी रचना कागदावर राहील.

एक क्षुल्लक वाटणारी बाब येथेच सांगतो. चाळिशी उलटली की जवळचे बारीक दिसेनासे होते. व्हर्नियरच्या रेघा मोजता आल्या नाहीत म्हणून ज्यांना मठ्ठ ठरविले जाते, त्यांतल्या कित्येकांना चष्मा हवा असतो. वर्गाच्या पहिल्या दिवशी डोळे तपासावेत. एवढ्या खर्चात मिळणारे दुसरे शैक्षणिक साधन माझ्या माहितीत नाही.

शिकविण्याची पद्धत नवी शोधण्याची गरज नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजे बांधण्यासाठी नवख्या माणसांना थोड्या दिवसांत तयार करावयाचे होते, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने चार पायऱ्या ठरविल्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच पायऱ्यांवर तेथे लाखो कामगार शिकले. शिकणाऱ्याचे मन तयार करा. काम करून दाखवा. त्याच्याकडून करून घ्या. मग त्याला सोडा, पण लक्ष ठेवा. आपल्याकडे दुसरी पायरी तेवढी जोरात होते. तिसरीला हत्यारे पुरत नाहीत, चौथीला माणूस नसतो. एका शिक्षकामागे आठ-दहा जणांहून अधिक नसावेत. शिक्षकही शक्यतो जुना कामगार असावा, त्याला शिकवावे कसे हे आधी शिकवून. मुलाच्या वयाच्या साहेबासमोर 'मला कळले नाही' म्हणण्याची जी लाज वाटते ती आपल्यातल्या माणसासमोर वाटत नाही. परीक्षाही तशीच असावी : पंप उघडून जोडून दाखव, हा दाब एकाएकी वाढला तर तू प्रथम कशाला हात लावशील ते बोलून सांग.

शेवटची गोष्ट म्हणजे शिकल्यानंतर काय? मी स्वतः नववीनंतर शाळा पाहिली नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. मला लोक विचारतात की कामगारांना शिकण्याची हौस का नाही? हौस असते. पण दाखला घेऊनही ज्याची श्रेणी हेल्परचीच राहते, त्याचा धाकटा भाऊ पुढच्या वर्गाला नाव देत नाही. म्हणून अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिले पाहिजे की, हा पुरा करणारा माणूस कोणत्या जागेवर जाईल आणि त्याला किती वेतन मिळेल. हे पान ज्या योजनेला नसेल तिच्यावर संघटनेने सही करू नये.

आपल्या तालुक्यात उद्या आणखी कारखाने येतील, आहेत त्यांत नवी यंत्रे येतील, आणि पुन्हा ती एक ओळ आपल्यापुढे ठेवली जाईल. त्या वेळी तुमच्या गावच्या सभेत उठून एवढेच विचारा : कोणाला, कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी, कोणाच्या पैशाने, आणि शिकून झाल्यावर कोणत्या जागेवर? या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या.